माळ्याच्या दाराचा पट

धोंडू हरला, आणि हरल्याबरोबर त्याने पट खटकन मिटून त्याला कुलूप घातलं. खेळाच्या पटाला कुलूप असतं हे शेवंतीला तोवर माहीत नव्हतं. दागिन्यांच्या डब्याला असतं, ऑफिसातल्या टेलिफोनला असतं, पण सोंगट्या कोण पळवणार? तर धोंडूचा पट कुवेतचा होता. पेटीसारखा उघडायचा, आत हिरवी मखमल, तिच्यावर दोन्ही बाजूंनी निमुळती होत गेलेली चामड्याची घरं. तिकडे त्याला तावला म्हणतात, साहेबलोक बॅकगॅमन म्हणतात आणि धोंडू त्याला 'आपला गेम' म्हणायचा. आपला म्हणजे धोंडूचा.

शेवंतीच्या मुठीत तिची पटाबाहेर काढलेली शेवटची, जिंकून देणारी सोंगटी राहिली होती. तीही त्याने हात पुढे करून मागून घेतली.

"नशीब जोरावर तुमचां, वयनी," तो म्हणाला. "फासोच तसो पडलो. नाहीतर हा गेम डोक्याचा आहे. तुमचा त्यात काय दोष नाय."

दोष! जिंकलेल्या माणसाला दोष नाही म्हणून माफ करण्यात आलं.

"मग परत मांडा," शेवंती म्हणाली.

"आता कसला मांडतंय? मंगळवारी विमान. पट बॅगेत गेला समजा. आणि वयनी, तिकडे ज्याने त्याने आपला पट आणायचा असतो." असं काही तिकडे नसावं. पण तो हसला, त्याची बायको लता कसनुसं हसली आणि सवयीने गुणाजीही हसला. गुणाजी म्हणजे शेवंतीचा नवरा, धोंडूचा थोरला भाऊ. तो हसला नसता तर शेवंती कदाचित गप्प बसली असती.

"आणते," ती म्हणाली. "सोमवारी संध्याकाळी या. माझ्या पटावर खेळू."

दीर गेल्यावर गुणाजीने विचारलं, "खंयसून आणतलंस? बोरिवलीच्या बाजारात कारल्याबरोबर मिळता काय तो?"

"बनवणार."

गुणाजी गिरणीत होता तेव्हा साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहायचा आणि गिरणी बंद पडल्यापासून कांदिवलीच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. दोन्हीकडे त्याने एक गोष्ट शिकून घेतली होती. यंत्र सुरू झालं की मध्ये हात घालायचा नाही. तो पेपर घेऊन गॅलरीत गेला.

आता एका खेळावरून एवढं काय, असं कोणालाही वाटेल. पण शेवंतीचं दुखणं जुनं होतं. तिच्या हातून काही बरं झालं की त्याचं श्रेय घेऊन जायला दारात कोणीतरी उभंच असायचं. कालवण छान झालं, तर बांगडा ताजा होता. मुलगी पहिली आली, तर आत्यावर गेली. हाऊसिंग बोर्डाच्या सोडतीत ही जागा लागली, अर्ज भरण्यापासून रांगेत उभं राहण्यापर्यंत सगळं शेवंतीने केलं, तर गुणाजीचे ग्रह फिरले होते. आजवर तिने ते चालवून घेतलं. पण धोंडू दोन महिने रोज संध्याकाळी येऊन गुणाजीशी खेळत होता, गुणाजी फासे हातात घेऊनच पेंगत होता आणि शेवंती कोलंबी सोलता सोलता तो गेम नजरेने शिकत होती. कोणी शिकवलं नाही. आज गुणाजी पापलेट आणायला गेला म्हणून तिला बसायला मिळालं आणि ती एकेक घर मोजून जिंकली. हे तरी तिचं होतं. हेही फाश्याने न्यायचं?

पटाला पहिली लागते फळी. शेवंतीने घरभर नजर फिरवली आणि ती स्वयंपाकघराच्या माळ्यावर जाऊन थांबली. माळ्याला प्लायवुडची सरकती दोन दारं होती. एक सरकवलं की दुसऱ्यामागे जातं, म्हणजे उघड्यावर एका वेळी एकच काम करतं, दुसरं बसून खातं. तिने बसून खाणारं उतरवलं.

उतरवल्यावर कळलं की ते बसून खात नव्हतं, मागे सामान अडवून उभं होतं. आधी गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब आले, मग सासूबाईंची तांब्याची कळशी आली आणि शेवटी, सावकाश, विचार करून आल्यासारखी, कापसाची जुनी गादी आली. कळशी घरंगळत शेजारच्या कृष्णाबाईंच्या दारापर्यंत गेली.

कृष्णाबाई मूळच्या गोराईच्या कोळीण. नवऱ्यामागे मुलाबरोबर इकडे राहायला आल्या होत्या, पण मासळी बाजारातली बसायची जागा त्यांनी सोडली नव्हती. कळशी काखेत मारून त्या आत आल्या.

"अगो बाय, धरणीकंप झाला का काय?"

शेवंतीने सगळं सांगितलं. कृष्णाबाईंना खेळ कळला नाही, पण दीर कळला.

"असं बोलला? मंग बनवच तू. मी हाय."

दुसऱ्या लागतात सोंगट्या. प्रत्येकाला पंधरा, दोघांच्या मिळून तीस. पहिल्या मजल्यावरून सल्ला आला की कॅरमच्या घ्या. पण कॅरमच्या एका रंगाच्या नऊच असतात, म्हणजे दोन कॅरम मोडायचे. दुसऱ्या मजल्यावरून सल्ला आला की सोडावॉटरच्या बाटल्यांची बुचं घ्या. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, कशाला पाहिजेत ते खेळ, संध्याकाळी जरा बाहेर पडत जा, गुडघ्यांना बरं असतं. शेवंतीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मच्छरदाणीचा दांडा काढला.

पलंगाच्या चार कोपऱ्यांना चार गोल सागवानी दांडे होते. एका दांड्याच्या चकत्या पाडल्या की झाल्या सोंगट्या. मच्छरदाणी तीन दांड्यांवर राहील आणि चौथा कोपरा खिळ्याला बांधता येईल, असा तिचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता, खिळा भिंतीत राहिला नाही. त्या आठवड्यात बोरिवलीतले डास गुणाजीकडे जेवायला होते. शेवंती भिंतीच्या बाजूला झोपायची, त्यामुळे तिला त्रास झाला नाही. हे तिने गुणाजीला समाधान म्हणून सांगितलंही.

पण चकत्या पाडायला करवत हवी. करवत होती सोसायटीची, मांडव घालण्यासाठी घेतलेली, आणि ती असायची सेक्रेटरी हरेश्वर यांच्या पलंगाखाली. हरेश्वर पालिकेत नोकरीला होते. तिथे त्यांना कोणी विचारत नसे, म्हणून त्यांनी सगळा कारभार सोसायटीत आणला होता.

"अर्ज द्यावा लागेल," ते म्हणाले.

"करवतीसाठी?"

"सामायिक मालमत्ता आहे. प्रयोजन लिहा, मुदत लिहा, शेजाऱ्यांची हरकत नसल्याची सही घ्या. प्रयोजन काय आहे?"

"सोंगट्या करायच्यात."

"कशाच्या?"

"पटाच्या. फाश्यांच्या खेळाच्या."

हरेश्वरांनी चष्मा काढला. महत्त्वाचं बोलायचं असलं की ते चष्मा काढत, कारण मग समोरच्याचा चेहरा दिसत नसे. "म्हणजे द्यूत. वहिनी, मी स्पष्ट बोलतो, रागावू नका. जुगाराच्या साहित्यासाठी सोसायटीची करवत देता येणार नाही. उद्या पोलिसांनी विचारलं तर मी सेक्रेटरी म्हणून काय सांगू?"

"गणपतीच्या जागरणात तुम्ही चौघं मांडवाच्या मागे काय करत असता, तेच सांगा," शेवंती म्हणाली. "भजन करता ना?"

करवत अर्जाशिवाय मिळाली. वर सेक्रेटरीबाईंनी धार बरी नाही म्हणून खोबरेल तेलाची वाटीही दिली.

शेवंतीच्या हातून सोंगट्या निघाल्या त्या सगळ्या सागवानी होत्या, यापलीकडे त्यांच्यात साम्य नव्हतं. काही भाकरीसारख्या पातळ, काही वडीसारख्या जाड, दोन तर एका बाजूला उतरत्या होत्या. पंधरा तिने गेरूत बुडवल्या, पंधरांना शाळेचे फळे रंगवतात तो काळा रंग दिला. कापताना दोन फुटल्या. त्यासाठी दुसऱ्या दांड्याचा शेंडा घ्यावा लागला. त्यामुळे मच्छरदाणी आता एका बाजूला बसकी झाली आणि गुणाजी तिच्यात आडवा शिरू लागला.

"अजून कायतरी कापूचा आसा?" त्याने एका सकाळी सुजलेल्या पापणीखालून विचारलं. "माझे पाय चलतीत?"

"तुमचे एकसारखे नाहीत," शेवंती म्हणाली. पण दुपारी त्याच्या डब्यात तिने सुक्या बोंबलाची चटणी जास्त घातली आणि चिठ्ठीऐवजी ओडोमासची ट्यूब ठेवली.

राहिली घरं. चार कोपऱ्यांत सहा सहा, एकूण चोवीस, लाल आणि काळी आळीपाळीने. रांगोळी काढणाऱ्या हाताला हे काही अवघड नाही. शेवंतीने ठिपके दिले, त्रिकोण ओढले, तीन कोपरे रंगवले आणि चौथ्यापाशी तिची कंबर धरली. जमिनीवर वाकून मोठी रांगोळी काढलेल्या बाईला ती कंबर माहीत आहे. माणूस वाकलेल्या जागी तसाच राहतो, फक्त डोळे फिरवता येतात.

"तू पड," कृष्णाबाई म्हणाल्या. "एक कोपरा ना? मना ठाऊक हाय. लाल, काला, लाल, काला. किती?"

"सहा."

"सा."

शेवंती पाटावर डोकं टेकून पडली. कृष्णाबाईंनी ठिपके पुसून आपले नव्याने दिले, कारण दुसऱ्याच्या ठिपक्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. आणि पट तयार झाला. लांबून तो खरंच देखणा दिसत होता.

तो वाळायला ठेवायचा कुठे? घरात जागा माळ्यावरून पडलेल्या गादीने अडवली होती. शेवंतीने तो जिन्याच्या वरच्या टप्प्यावर ठेवला, तिथे वारा छान येतो. प्लायवुड ओलं झालं की कडा उचलतं, म्हणून गावच्या पोत्यातले चार नारळ काढून चार कोपऱ्यांवर ठेवले. नारळ घरंगळायला लागले, म्हणून जुन्या लाल पोलक्याच्या चिंध्यांच्या चुंबळी करून त्यांवर ते बसवले. सगळं नीट झालं. एवढंच की त्या दिवशी अमावस्या होती.

संध्याकाळी कामावरून परतणारी माणसं वळणावर आली आणि थांबली. जिन्याच्या टप्प्यावर काळे-लाल त्रिकोण, चार कोपऱ्यांना लाल कापडावर चार नारळ! ती तशीच पाठमोरी न होता, तोंड तिकडेच ठेवून, एकेक पायरी मागे उतरली. खाली गेटपाशी गर्दी जमली. कोणी म्हणालं उतारा आहे. कोणी म्हणालं उतारा एवढा मोठा नसतो, हे सगळ्या बिल्डिंगीसाठी असणार. दूधवाल्याने दुधाच्या पिशव्या वॉचमनच्या स्टुलावर ठेवल्या आणि सायकल दामटली. वरच्या मजल्यावर मुलगी बघायला आलेली मंडळी खालूनच परत गेली. जाताना म्हणाली, मुलगी पसंत आहे, बिल्डिंग नाही.

हरेश्वर सेक्रेटरी म्हणून पुढे झाले. पुढे म्हणजे दोन पायऱ्या. तिथून त्यांनी वर आवाज दिला, "ज्या कोणा सभासदाने हे साहित्य सामायिक जागेत विनापरवाना ठेवलं आहे, त्यांनी ते त्वरित उचलावं! समितीला यात पडायचं नाही!"

शेवंती दार उघडून बाहेर आली, ओली बोटं पदराला पुसत. हे तिच्या लक्षात आलं नाही की बोटं गेरूने लाल होती. खाली कोणीतरी किंचाळलं.

"माझं आहे ते!" ती म्हणाली. "पट आहे. वाळतोय."

"वहिनी, नारळ कशाला?"

"वजनाला! तुमच्याकडे वजन असतं तर तुम्हाला बसवलं असतं!"

हसण्याची जी लाट उठली ती आधी कृष्णाबाईंच्या दारातून उठली. सेक्रेटरी वर आले, पटाला भिंतीकडून वळसा घालून आपल्या घरात गेले. घरात जाण्यापूर्वी त्यांनी पाय धुतले, हे सगळ्यांनी पाहिलं. एक मात्र झालं. पटाला रात्रभर कोणी हात लावला नाही, आणि तो उत्तम वाळला.

सोमवारी संध्याकाळी धोंडू आला तो हसण्याची तयारी करूनच आला. नवा सफारी, अंगाला तिकडचं अत्तर, मागे लता. पटाची बातमी पसरली होती, त्यामुळे बिल्डिंगीतलीही दहा-बारा माणसं दारात, गॅलरीत आणि गादीवर होती. करवत परत न्यायला म्हणून हरेश्वरही आले होते आणि करवत हातात घेऊन उभेच राहिले. दोन फासे शेवंतीने नाक्यावरच्या स्टेशनरीतून ल्युडोचे आणले होते.

सोंगट्या मांडताना धोंडूचा हात थांबला. त्याने एका कोपऱ्यातली घरं बोटाने मोजली. परत मोजली. मग मागे टेकून तो असा हसला की सफारीचं बटण तुटायला आलं.

"वयनी! सात! ह्या कोपऱ्यात सात घरां! पंचवीस झाली! अहो, हा गेमच नाय!"

शेवंतीने पाहिलं. एका बाजूच्या बाहेरच्या कोपऱ्यात सात त्रिकोण होते, जरासे चेपून बसवलेले. तिने कृष्णाबाईंकडे पाहिलं. कृष्णाबाईंच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू उजेड पडला.

"सा मोजले," त्या म्हणाल्या, "आन् वर एक घातला."

चाळीस वर्षं मासळीचा वाटा लावणारा तो हात. सहा बांगडे मोजायचे आणि वर एक ठेवायचा, नाहीतर गिऱ्हाईक उठतच नाही. त्या हाताला सहा म्हटलं की सहावर थांबणं ठाऊकच नव्हतं.

"चला, सामान बांधायचंय," धोंडू गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागला. "पट नाय, तर गेम नाय. माझी हार धरू नका आणि तुमची जीत धरू नका, फिटंफाट."

त्या क्षणी शेवंतीला माळ्याचं दार आठवलं नाही, की मच्छरदाणी आठवली नाही. तिला एवढंच दिसलं की हा आता उठला तर विमानातून जाताना तिचा एकुलता एक डाव बरोबर घेऊन जाणार.

"बसा, भावोजी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण गॅलरीतली कुजबूज थांबली. "घर जास्त आहे ते तुम्हालाही ओलांडायचंय आणि मलाही. तुम्हाला नवीन, मला नवीन. डोक्याचा गेम आहे ना? मग डोकं कुवेतला पाठवलंत की काय पुढे?"

"पण नियम..."

"जादा दिला तरी गिऱ्हाईक वरडतंय!" कृष्णाबाई दारातून कडाडल्या. "आमच्या बाजारात असा एक नाय बघितला!"

लोक हसले. लताही हसली, आणि या खेपेला कसनुसं नाही. धोंडू बसला.

सुरुवातीला त्याचे फासे झकास पडत होते. धोंडू खेळायचा ते मोजून नाही. सहा आणि पाच पडले की इथून उचलायची आणि तिथे ठेवायची, हे त्याच्या मनगटात बसलं होतं. कुवेतच्या कॅम्पात रोज खेळून बसलं होतं, आणि खरं सांगायचं तर सुंदर बसलं होतं. शेवंतीला ते जमायचं नाही. ती प्रत्येक घरावर बोट ठेवून ओठात मोजायची, पुढे काय पडलं तर काय होईल तेही मोजायची, आणि तेवढ्या वेळात धोंडू घड्याळाकडे बघून सुस्कारे टाकायचा.

मग त्याच्या मनगटाने त्या सात घरांच्या कोपऱ्यातून एक सोंगटी सवयीने उचलली आणि सवयीच्या जागी ठेवली.

"एक घर पुढे गेलात," शेवंती म्हणाली.

त्याने मोजलं. खरंच गेला होता. सोंगटी एक घर मागे घ्यावी लागली आणि ती तिथे एकटी पडली, सोबतीला दुसरी नाही, आणि एकट्या सोंगटीला मारता येतं. शेवंतीने फासे टाकले, बोटाने पाच मोजले आणि आपली काळी सोंगटी तिच्यावर नेऊन ठेवली. धोंडूची लाल सोंगटी उचलली गेली. तिला परत सुरुवातीपासून यायचं होतं.

"हां," गुणाजी म्हणाला. तो पेंगत नव्हता. दोन महिन्यांत पहिल्यांदा तो पट बघत होता.

त्यानंतर धोंडूही मोजायला लागला. पण मोजायची सवय नसलेला माणूस मोजायला लागला की त्याचं पहिलं येतं तेही जातं. तो एकदा मोजायचा, मग मनगटावर भरवसा ठेवायचा, मग परत मोजायचा. कपाळावर घाम आला, अत्तराचा वास बदलला. "पंखा लावा रे," कोणी म्हणालं. "नको, सोंगट्या उडतील," दुसरं म्हणालं. पातळ सोंगट्या खरंच उडाल्या असत्या. हरेश्वर करवत खांद्यावर टाकून पुढे आले होते आणि प्रत्येक चालीला मान हलवत होते, जणू हा पट समितीनेच मंजूर केला होता.

शेवंतीचे फासे काही खास पडत नव्हते. एक-दोन, दोन-एक, तीन-एक. फासे बघून कोणी नशीब म्हटलं असतं तर लोकांनी त्याला गॅलरीतून खाली पाठवलं असतं. ती मोजत राहिली. तिच्या सोंगट्या मुंग्यांसारख्या एकामागून एक घरी आल्या आणि एकेक करत बाहेर पडल्या. शेवटची तिने उचलली तेव्हा धोंडूच्या तीन अजून पटावर होत्या.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे धोंडूकडे बघत होते, तो काय म्हणतो ते ऐकायला.

 धोंडूने सफारीची वरची दोन बटणं काढली, मांडी घट्ट घातली आणि आपल्या सोंगट्या गोळा करून जागच्या जागी लावायला घेतल्या. पहिल्यांदाच एकेक मोजून.

"मांडा, वयनी," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"परत मांडा. ह्या खेपेक मी नीट मोजतंय."

शेवंतीने त्याच्याकडे पाहिलं. हरल्यावर लहानपणी तो कसा दिसत असेल ते तिला दिसलं, आणि तिचा हात सोंगट्यांकडे गेलाही. पण मग तिने तो मागे घेतला.

"आता नाही. माझा भात व्हायचाय आणि तुमच्या बॅगा. लता, घेऊन जा गं तुझ्या नवऱ्याला. आणि थांब, जाताना मसाल्याचा डबा विसरशील, त्याच्यासाठी भरून ठेवलाय."

"वयनी, उद्या विमान माझां!"

"ठाऊक आहे."

त्याला उठवायला लता आणि गुणाजी दोघं लागले. जिना उतरताना तो लताला पंचवीस घरांचं काहीतरी गणित समजावत होता. गेटपाशी पोचल्यावर तो थांबला, वर बघून ओरडला, "पुढच्या सुट्टीत बघतंय तुमका!"

शेवंती गॅलरीच्या कठड्यावर वाकली. कंबर अजून दुखत होती. पण आवाजाला कंबर लागत नाही, आणि तो चारही मजल्यांना ऐकू जावा अशीच तिची इच्छा होती.

"या की!" ती म्हणाली. "पट इथेच आहे. मी कुठे जातेय?"